दहा थोर माणसं, तीनशे रुपयांत: ग्रंथालयासाठी घेतलेला चरित्रसंच

अमरावतीला पुस्तक प्रदर्शन लागलं होतं, तिथून आमच्या ग्रंथालयासाठी हा दहा पुस्तिकांचा संच उचलला. छापील किंमत 40 रुपये नग, सगळा संच घेतला तर 300. प्रकाशकाचं नाव घालत नाही, कारण याच मापाचे, याच तोंडवळ्याचे संच बरेच जण काढतात आणि माझ्या तक्रारी कमीजास्त सगळ्यांनाच लागू आहेत. कव्हरवर प्रत्येकाच्या डोक्यामागे पिवळी प्रभा, मग तो कीर्तनकार असो की बॅरिस्टर.

आमचं ग्रंथालय ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी श्रेणीत सगळ्यात खालचं, दर्यापूर तालुक्यात, ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत. सकाळी पेपरासाठी काकाजी मंडळी, दुपारी पोलीस भरती आणि तलाठी भरतीवाली पोरं, वेचणीचा हंगाम नसला की बचत गटाच्या बाया. संच कपाटात नीट लागलाही नव्हता तर एका काकाजींनी गाडगेबाबांची पुस्तिका नेली, दुसऱ्या दिवशी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “ताई, बाबानं नाशिकले, पंढरपुरले, मुंबईले धर्मशाया बांधल्या. पैसा कोनं देल्ला? याच्यात त लिवलंच नाई.”

बचत गटाची अध्यक्ष तिथंच बसली होती. ती म्हणे, “आमच्या गटाले पाच हजाराचा हिशेब महिन्याच्या महिन्याले लिवा लागते. एवढ्या मोठ्या मानसायचा हिशेब कोनी नाई लिवत काय?”

मग मी पूर्ण संच याच एका अंगानं वाचून काढला. पैसा कुठून आला, कुठं गेला, आणि ते पुस्तकात आहे का?

गाडगेबाबांच्या पुस्तिकेत चमत्कारांना सात पानं आहेत. झाडू, खापर, चिंध्यांचं अंगरखं, सगळं येतं. शेंडगावात 1876 ला जन्म, दापुऱ्याला मामाकडं वाढणं, हेही आहे. पण मामाची शेती सावकाराच्या कर्जात गेली, हे एका ओळीत उरकलं. अरे, तोच तर गाभा आहे! कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून लग्न करू नका, हे बाबा कीर्तनात जन्मभर लोकांना विचारून विचारून, त्यांच्याच तोंडून वदवून घेत राहिले, ते आलं कुठून? आमच्याकडं पौषातल्या रविवारी लोक ऋणमोचनच्या यात्रेला जातात, पूर्णेवरचा तिथला घाट बाबांनी लोकांच्या पैशातून उभा केला हे माहीत असतं. पुस्तिकेत घाट आहे, लोक नाहीत. पुढं धर्मशाळा आणि सदावर्तं उभी राहिली ती देणग्यांवर, आणि बाबांनी ती आपल्या नावावर न ठेवता ट्रस्ट करून सोपवली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर 1949 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. अक्षरओळख नसलेल्या माणसानं सार्वजनिक पैशाची इतकी चोख व्यवस्था लावली, हे त्या सात पानांतल्या चमत्कारांपेक्षा मोठं काम आहे असं माझं मत. लेखकाला ते सुचलं नाही. वर बाबांचं निधन ‘अमरावतीच्या दवाखान्यात’ झालं असं छापलंय. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीला नेताना वाटेतच, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला, हे इकडं शाळेतलं पोरगंही सांगेल.

पंजाबराव देशमुखांच्या पुस्तिकेवर तर मी जास्तच चिडले, कारण माणूस आमचा, पापळचा. पान 6 वर ते शेतकऱ्याचा मुलगा, पान 7 वर इंग्लंडला, आणि त्याच परिच्छेदात बॅरिस्टर होऊन परतसुद्धा. “जहाजाचं तिकीट कोनं काढलं?” असं भरतीवाल्या एका पोरानं विचारलं, ते हसण्यावारी गेलं, पण प्रश्न रास्तच होता. परत आल्यावर 1927 मधला अंबादेवी मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह आहे, श्रद्धानंद छात्रालय आहे, शिवाजी शिक्षण संस्था आहे, केंद्रात दहा वर्षं कृषिमंत्रीपद आहे. सगळ्याची नुसती यादी. छात्रालयात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची, त्या पंगतीचा खर्च कसा चालायचा, याला एक पान दिलं असतं तर गटाच्या बायांनी पुस्तिका सोडली नसती.

आता चांगलं सांगते, कारण संचात दोन-तीन पुस्तिका खरंच मेहनतीनं लिहिलेल्या आहेत.

बाबासाहेबांची सगळ्यात उजवी. 1913 साली सयाजीराव महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तीन वर्षांसाठी, बदल्यात बडोद्याची नोकरी करायचा करार. मग तिथं नोकरीत झालेली अवहेलना, मुंबईच्या सिडनॅम कॉलेजातली प्राध्यापकी, पगारातून टाकलेली शिल्लक, नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले उसने पैसे, आणि त्या जोरावर पुन्हा लंडन. तिथं प्रबंध लिहिला तोही रुपयाच्या प्रश्नावरच. काकाजींनी ही दोनदा नेली. परत देताना त्यांचं एवढंच म्हणणं होतं की साडेअकरा पौंडांत माणूस जेवत काय असंल.

ज्योतिराव फुल्यांचीही वाचावी. त्यांची ठेकेदारी यात झाकलेली नाही. पुणे कमर्शिअल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी, बांधकामाचं साहित्य पुरवणं, खडकवासल्याच्या धरणाशी आलेला संबंध, सगळं सरळ लिहिलंय. माझा तर्क असा की ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये बंधारे, तळी आणि माती अडवण्याबद्दल ते इतकं नेमकं बोलतात, त्यामागं हा धंद्यातला अनुभव असावा. आमच्या खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीखालचं पाणीच खारट, ती पानं मोठ्यानं वाचली तर लोक थांबून ऐकतात. सावित्रीबाईंची पुस्तिका मात्र याच लेखकाची असून अर्ध्या जाडीची. दहांत बाई एकच, तीही पातळ.

बाबा आमट्यांची ठीक. हिंगणघाटचं जमीनदाराचं घर, वकिली, आणि मग आनंदवनाच्या सुरुवातीला हातात 14 रुपये, एक लंगडी गाय, सहा रुग्ण आणि खडकाळ जमीन. पुढं त्या रुग्णांनी पिकवलेली भाजी वरोऱ्यात कुणी विकत घेईना, तो भाग लेखकानं रंगवून न सांगता सांगितलाय.

विनोबांच्या पुस्तिकेनं खोलीत भांडण लावलं, हे तिचं यशच. भूदान आहेच, 18 एप्रिल 1951, पोचमपल्ली, 100 एकर. पण त्याआधी पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला होता: पैसा वापरायचाच नाही, शेती बैलाशिवाय हातानं, विहिरीचा रहाट माणसांनीच ओढायचा. काकाजी म्हणे, “पैसा नाई, बैल नाई, मंग परवडलं कसं?” दुसरे म्हणे, “आपल्याले बैलासंग तरी कुठं परवडते?” त्या दिवशी पेपर तसाच पडून राहिला.

तुकडोजी महाराजांची पुस्तिका भजनांनीच भरली आहे. 1942 चा चिमूरचा लढा, तुरुंगवास, ग्रामगीतेचे 41 अध्याय, सगळं दीड पानात. जन्मसाल 1909 ऐवजी 1990 छापलंय. पोरं याच पुस्तिकांतून तारखा पाठ करतात, म्हणून मी लाल पेनानं दुरुस्त केलं. उरलेल्या दोघांबद्दल चांगलंवाईट काही लिहावं असं सापडलं नाही.

कागद बरा, पांढरा. टाइप बारीक, काकाजी पुस्तिका हातभर लांब धरून उजेडाकडं तोंड करून वाचतात. शिवण नाही, दोन पिना. पहिल्या पावसाळ्यातच पिनांना गंज चढला आणि मधल्या पानावर तांबडे डाग उतरले. बाइंडिंगवाल्यानं दहाही एकत्र शिवून देतो म्हटलं, मी नको म्हणाले, एकानं नेलं तर बाकीच्यांनी काय वाचायचं? दोऱ्यानं घरीच शिवल्या.

एकगठ्ठा घेऊ नका. स्टॉलवाले सुट्या देतात, फक्त मागावं लागतं. आंबेडकर, फुले आणि विनोबा घेतले तर 120 रुपये होतात. गाडगेबाबांची दुसऱ्या कुणाची दिसली तर उभ्या उभ्याच धर्मशाळांचं पान काढा. ट्रस्टचा उल्लेख नसेल तर परत ठेवून द्या.