एमएक्स-५ मध्ये एलएसडी बसवून नऊ महिने: आतलं चाक आता गप्प आहे

गाडी २०१७ची मॅझ्दा एमएक्स-५, चौथ्या पिढीची, १.५ लिटर. इथे ब्रिटनमध्ये मॅझ्दाने २.० लिटरच्या गाडीला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एलएसडी) दिलं आणि १.५ला साधं ओपन डिफ. डिफरन्शियल, म्हणजे डिफ, इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटतं. तरी मी १.५च घेतली, कारण ते इंजिन ७,५०० आरपीएमपर्यंत ज्या हौसेनं पळतं ते मला फार आवडतं. १३१ पीएस आणि १५० न्यूटन-मीटर एवढ्या ताकदीला एलएसडी कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. मलाही आधी तसंच वाटायचं. लेस्टरशायरमधल्या मॅलरी पार्क या रेस ट्रॅकवर पहिला ट्रॅक डे केला, म्हणजे स्वतःची गाडी ट्रॅकवर पळवली, तेव्हा मत बदललं.

तिथे शॉज हेअरपिन नावाचं उजवं वळण आहे. पहिला गिअर की दुसरा असा प्रश्न पडावा इतकं आवळलेलं. वळणात सगळं वजन डाव्या चाकांवर जातं, मागचं उजवं, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूचं, चाक हलकं होतं आणि बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की तेच एकटं गरगरतं. इंजिन ओरडतंय, टायर जळतोय आणि गाडी जागची जेमतेम सरकतेय. दर फेरीला हेच.

सांगलीकडे काकांच्या शेतात हे दृश्य मी लहानपणी शंभरदा पाहिलंय. ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात जायचं आणि तेवढंच फिरत राहायचं, कोरड्यातलं दुसरं ढिम्म. कारण साधं डिफ दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि तो जोर किती हे ठरतं ज्या चाकाची पकड कमी त्याच्यावरून. काका टाचेजवळचं डिफ-लॉकचं पेडल दाबायचे आणि ट्रॅक्टर बाहेर यायचा. पण वळायच्या आधी ते सोडावंच लागायचं, कारण वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. एलएसडी या दोन टोकांच्या मधलं आहे: गरज असेल तेवढं जखडतं, बाकी वेळ चाकांना आपापल्या वेगानं फिरू देतं.

दोन प्रकार समोर होते. पहिला हेलिकल गिअरचा, क्वाइफ किंवा टॉर्सनसारखा. आवाज नाही, झीज जवळपास नाही, नेहमीचं गिअर ऑइल चालतं. पण तो हलक्या चाकावर जेवढी पकड असेल तिच्या काही पट जोर दुसऱ्या चाकाला देतो. हलकं चाक जमिनीवरून उचललंच गेलं तर शून्याची कितीही पट शून्यच. माझी गाडी कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून, गेली की आतलं चाक नेमकं तसंच हलकं होतं. म्हणून दुसरा प्रकार घेतला, प्लेटचा: कस्को टाइप आरएस, १.५-वे. यात ॲक्सिलरेटर दाबला की कॅमच्या उतारांमुळे प्रेशर रिंग बाहेर ढकलल्या जातात आणि प्लेटा एकमेकींवर आवळल्या जातात. पाय काढल्यावरही आवळतात, पण कमी. रोजच्या रस्त्यासाठी आणि अधूनमधून ट्रॅकसाठी हा मधला मार्ग मला बरोबर वाटला, आजही वाटतो.

बसवणं घरच्या गॅरेजमधलं काम नाही, हे स्पष्ट सांगतो. गिअरबॉक्स आणि डिफ यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब फ्रेम सोडवायची, हाफ-शाफ्ट (डिफपासून चाकांपर्यंतचे दांडे) काढायचे, डिफ खाली घ्यायचं. इथवर धीर असेल तर जमेल. खरी कारागिरी पुढे आहे. जुन्या केसवरचा क्राउन व्हील (डिफचं मोठं दातेरी चाक) नव्या एलएसडीवर बसवायचा, नवीन बेअरिंग प्रेस करायची आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनशी त्याचा बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात जुळवायचा. दातांना रंग लावून ते एकमेकांना नेमके कुठे टेकतात हेही बघावं लागतं. हे चुकलं तर डिफ आयुष्यभर रडतं. मी डिफचंच काम करणाऱ्या कारागिराकडे दिलं. भाग, मजुरी, बेअरिंग आणि तेल मिळून १,९०० पाउंडांच्या आसपास गेले. इन्शुरन्स कंपनीला बदल कळवला, हप्ता थोडा वाढला. हे कळवणं टाळू नका.

पहिल्या दिवशी रिकाम्या पार्किंगमध्ये इंग्रजी आठाच्या आकारात सावकाश चकरा मारल्या, दोन्ही दिशांनी, अर्धा तास. प्लेटा एकमेकींना बसाव्यात म्हणून हे करावंच लागतं. ३०० मैलांवर तेल बदललं. निघालेलं तेल काळं राखाडी होतं, आणि पहिल्या खेपेला तसंच असतं.

आवाजाबद्दल खरं ते लिहितो. थंडीत सकाळी गल्लीतून गाडी पूर्ण वळवताना मागून कट्-कट् येतं. बायको पहिल्यांदा शेजारी बसली तेव्हा तिला वाटलं काहीतरी तुटलं. तेल गरम झालं की आवाज जवळपास जातो. ज्यांना गाडीत पूर्ण शांतता हवी त्यांनी हेलिकलच घ्यावं.

आता मूळ गोष्ट. ऑक्टोबरात बसवल्यापासून मॅलरीला तीनदा गेलो. शॉजमधून बाहेर पडताना पाय जेवढा दाबावा तेवढी गाडी पुढे जाते. फेरीमागे सेकंदाहून कमीच वाचतो, आकड्यासाठी एवढा खर्च पटणार नाही. पण ॲक्सिलरेटरला आता अर्थ आलाय: वळणाच्या मध्यावर थोडा जास्त दिला तर गाडी बाहेरच्या बाजूला किंचित ताणते, अजून दिला तर शेपूट हळूच फिरतं, आणि या दोन्हींच्या मधली जागा पायाला ओळखता येते. पूर्वी तिथे फक्त टायरची किंकाळी होती. मागचा उजवा टायर आधी डाव्याच्या कितीतरी आधी संपायचा, आता दोन्ही बरोबर झिजतात.

पण याची दुसरी बाजू मला नोव्हेंबरात कळली. ओल्या राउंडअबाउटवर, टायर गार, दुसऱ्या गिअरमध्ये नेहमीसारखा पाय दिला. पूर्वी अशा वेळी आतलं चाक घसरायचं, ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकायचा आणि बाहेरचं चाक गाडी सांभाळून धरायचं. या वेळी दोन्ही चाकं एकदम सुटली आणि मागचा भाग झपकन बाजूला गेला. स्टेबिलिटी कंट्रोलने सावरलं. ओपन डिफ म्हणजे घरातल्या फ्यूजसारखं होतं, आधी तेच जायचं आणि बाकीचं वाचायचं, हे मला तो फ्यूज काढल्यावर समजलं. तेव्हापासून पावसात पाय बदललाय. बक्स्टन ते मॅकल्सफील्डच्या कॅट अँड फिडल रस्त्यावर ओल्यात आता मी एक गिअर वरच ठेवतो.

एकच बिघाड झाला. जानेवारीत डाव्या हाफ-शाफ्टपाशी तेल पाझरू लागलं. शाफ्ट परत घालताना सीलची कड दुमडली होती. कारागिराने मान्य केलं आणि फुकटात बदलून दिलं. बसवल्यानंतर महिनाभराने गाडी एकदा उचलून तिथे बघाच.

आणि एक कळकळीची विनंती: टायर जुने असतील, अलाइनमेंट करून वर्षं झाली असतील, तर आधी ते करा. तेवढ्यानेच माझी निम्मी तक्रार गेली होती. त्यानंतरही आतलं चाक फिरतच राहिलं तर मग एलएसडीकडे वळा. ट्रॅकवर जाणारच नसाल तर १.५ला याची गरज नाही असं माझं मत आहे.

तेल मी दर ५,००० मैलांनी किंवा दोन ट्रॅक डेंनंतर बदलतो, ८०डब्ल्यू-९०, एलएसडीसाठीचंच. एक लिटरही लागत नाही, तेव्हा इथे पैसे वाचवायचा मोह नको. गेल्या आठवड्यात, सात हजार मैल झाल्यावर, तिसऱ्यांदा बदललं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप होता, बोटांत चोळून पाहिला, एकही कण टोचला नाही.