आठ महिने वापरल्यावर: लॅपटॉप बरा आहे, पण लॅनचं भोक कुठे गेलं?

पाडव्याला घेतला, आता नोव्हेंबर संपत आला. रॅम किती, प्रोसेसर कुठला, ते खोक्यावर वाचा. स्क्रीन छान, बॅटरी माझ्याकडे पाच तास जाते, पंखा घरघरतो पण चालतं. मला बोलायचंय ते लॅनच्या, म्हणजे इंटरनेटची वायर खोचायच्या, भोकाबद्दल. ते नाहीच! लॅपटॉप पातळ दिसावा म्हणून काढलं म्हणे. माझ्या आधीच्या ठोकळ्याला होतं, आणि तो अकरा वर्षं चालला.

एवढं मनाला लागायचं कारण असं, की मी कोथरूडला घरून गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते, चार ते सहा. मे अखेरीस दहावीची व्हेकेशन बॅच सुरू होती आणि ऐन साडेचारला वायफाय तुटायला लागलं. समरूपतेचं प्रमेय अर्ध्यावर, आणि पोरांचे फोन: "टीचर, तुम्ही हात वर करून थांबलाय."

आधी इंटरनेटवाल्यांना झापलं. मग भाच्याने सांगितलं म्हणून कमांडच्या खिडकीत राउटरलाच पिंग (जोडणी चालू आहे का ते बघणारी हाक) लावून ठेवलं. तुटताना तेही तुटायचं. म्हणजे हॉलमधल्या राउटरपर्यंतच लॅपटॉप पोचत नव्हता, बाहेरच्यांचा दोष नव्हता. शेजारी ठेवलेला फोन त्याच वायफायवर निवांत चालत होता. इंटरनेटवाल्यांच्या मुलाला उगाच बोलले.

मग नेहमीचे उपास-तापास. ड्रायव्हर नवा घातला, नेटवर्क रीसेट केलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वीज वाचवण्याची टिक काढा असं जो तो सांगतो. माझ्यात तो टॅबच दिसेना. नव्या धाटणीच्या स्लीपवाल्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा तो नसतो, हे तासभर शोधल्यावर कळलं. आमच्या बिल्डिंगमध्ये वीसेक वायफाय दिसतात, म्हणून २.४ गिगाहर्ट्झचं चॅनल ६ वरून १ केलं (१, ६ आणि ११ एकमेकांच्या पायात येत नाहीत). शेवटी तपकीर गल्लीतून १,४९९ रुपयांचा, वायफाय लांबवर पोचवणारा रेंज एक्स्टेंडर आणला.

आणि थांबलं की! जून ते सप्टेंबर एकदाही तुटलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मी एक्स्टेंडरचं एवढं गुणगान केलं की दोघींनी तो घेतला. हे तेव्हा लिहिलं असतं तर चार तारे दिले असते.

ऑक्टोबर उजाडला आणि पुन्हा साडेचारला तेच. मग यूएसबीला लावायचा लॅन डोंगल ६५०, दहा मीटर वायर ३८०. एक्स्टेंडर धरून २,५२९ रुपये, एका भोकापायी. वायर पॅसेजमधून आडवी, सासूबाई येता-जाता अडखळणार आणि माझ्याकडे बघणार. सर्व्हिस सेंटरला दोन खेपा झाल्या. पहिल्यांदा त्यांनी फॉरमॅट मारला, सराव-पेपरांसकट सगळं मी परत बसवलं. दुसऱ्यांदा "मॅडम, तुमच्या राउटरचा प्रॉब्लेम आहे."

मग विंडोजचा वायफाय रिपोर्ट काढला. कमांडची खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' दिलं की मागच्या तीन दिवसांत कधी कधी तुटलं ते वेळेसकट येतं. बुधवारी नि शुक्रवारी सगळी तुटातूट चार ते साडेपाचमध्ये. गुरुवारी शून्य. गुरुवारी लाइट नव्हती, राउटर इन्व्हर्टरवर होता आणि पंख्याविना उकडतं म्हणून मी पूर्वेच्या खोलीत बसले होते.

माझी रोजची खोली पश्चिमेची. चारला ऊन थेट स्क्रीनवर येतं आणि मी स्क्रीन मागे कलवते. पावसाळ्यात ऊन कुठलं! एक्स्टेंडरने काडीचंही काम केलं नव्हतं.

लगेच त्याच खिडकीत 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' देऊन पाहिलं. स्क्रीन सरळ असताना सिग्नल ९४ टक्के, कलवल्यावर ३८. दोन्हींचे फोटो काढून कंपनीला मेल केला, भाषा जरा कडकच होती. तिसऱ्या दिवशी घरी मुलगा आला. अँटेना स्क्रीनच्या कडेत असते आणि तिच्या दोन बारीक वायरी बिजागरीतून खाली वायफायच्या कार्डाला जातात, हे त्याने खालचं झाकण काढून दाखवलं. एक वायर क्लिपमध्ये नव्हती, बिजागरीपाशी ताणलेली, कार्डावरचं टोक अर्धवट उचललेलं. स्क्रीन कलवली की ओढ बसायची.

"काकू, आधी कोणी उघडला होता का?"

"तुमच्याच लोकांनी. मे महिन्यात, कीबोर्ड बदलायला."

तो काही बोलला नाही. वायर क्लिपमध्ये बसवली, टोक टक्कन दाबलं. दहा मिनिटं, पैसे शून्य. मी चहा दिला. आज तीन आठवडे झाले, स्क्रीन हवी तशी कलवते, एकदाही तुटलेलं नाही.

म्हणून वायफायपुरते शब्द मागे घेते, लॅपटॉपची त्यात चूक नव्हती. भोकाचे मात्र घेत नाही. ते असतं तर मेमध्येच जुनी वायर खोचून मोकळी झाले असते. एक्स्टेंडर घेतलेल्या दोघींना अजून सांगायचंय, धीर होत नाही.

जाताना त्या मुलाने फीडबॅकची लिंक पाठवली. मी दहापैकी नऊ द्यायला निघाले तर म्हणाला, "काकू, नऊ दिलेत तर आम्हाला वरून विचारतात." त्याला दहा दिले. लॅपटॉपला तीन तारे.