पहिली ड्राय फ्लाय कोणती बांधाल: फोमचा भुंगेरा की एल्क हेअर कॅडिस?

गळ घट्ट धरणारा व्हाइस टेबलाला लावून झाला, दोरा-कात्री आली, आता ट्राउट माशासाठी पहिली ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारं किड्यासारखं आमिष, कोणती बांधायची? अमेरिकेत नवशिक्यांना सहसा दोन नावं सुचवली जातात: फोम बीटल, म्हणजे फोमचा भुंगेरा, आणि एल्क हेअर कॅडिस, म्हणजे एल्क या मोठ्या हरणाच्या केसांची, कॅडिस नावाच्या किड्यासारखी फ्लाय. माझं मत आधीच सांगतो. आधी भुंगेरा बांधा. मात्र तुम्ही रोज संध्याकाळीच नदीवर जाणार असाल, तर पुढचं वाचूनच ठरवा.

खर्चात तर तुलनाच नाही. भुंगेऱ्याला दोन मिलिमीटर जाडीचा काळा फोम लागतो, शाळेच्या हस्तकलेसाठी मिळतो तोच. एका शीटमध्ये वर्षभराच्या फ्लाय निघतात. पोटाला मोरपिसाचे तीन-चार तंतू, पायांना बारीक रबर, वर नारिंगी फोमचा तुकडा, थोडा सुपरग्लू. झालं. कॅडिसला एल्कच्या कातड्याचा तुकडा, डबिंग (अंगासाठी दोऱ्यावर पिळायचे मऊ तंतू), बारीक तार, केसांची टोकं जुळवायचा स्टॅकर आणि हॅकल, म्हणजे कोंबड्याच्या मानेचं पीस, लागतं. खरा खड्डा पडतो तो हॅकलमुळे. ड्राय फ्लायसाठी खास पैदास केलेल्या कोंबड्याची अर्धी केप, म्हणजे पिसांसकट मानेचं कातडं, तीही चांगलीच महाग असते. एकाच मापाच्या पिसांचं पाकीट घेतलं तर जरा हलकं पडतं. (मोरपिसं भारतातून बॅगेत टाकून आणू म्हणाल, तर नको. त्यांच्या निर्यातीला बंदी आहे.)

आता हाताचं काम. १४ नंबरच्या गळाला दोऱ्याचा थर द्या आणि फोमची पट्टी मागे, वाकाच्या जरा अलीकडे, बांधा. पट्टीची रुंदी गळाच्या फटीपेक्षा, म्हणजे टोक आणि दांड्यामधल्या अंतरापेक्षा, जास्त नको. टोक निमुळतं कापलं की गाठ जाडजूड होत नाही. मोरपिसाचे तंतू दोऱ्याला पीळ देऊन पुढे गुंडाळा, फोमच्या खालच्या अंगाला सुपरग्लूचा ठिपका लावा आणि पट्टी पुढे दुमडा. इथेच सगळी मेख आहे. पहिले दोन वेढे सैल टाकायचे, फोमला नुसते टेकतील इतके, आणि तिसऱ्याला ओढायचं. पहिल्याच वेढ्याला जोर दिलात तर बारीक दोरा फोम चक्क कापतो. म्हणून दोरा जरा जाड, १४० डेनिअरचा घ्या. सुपरग्लू टाळलात तर दुसऱ्या-तिसऱ्या माशानंतर भुंगेरा दांड्याभोवती फिरून पोटावर येतो. मग पाय, नारिंगी ठिपका, डोक्याशी फोमचं छोटं टोक ठेवून कापायचं, नेढ्यामागे व्हिप फिनिश, म्हणजे दोऱ्याची शेवटची गाठ. पाय वाकडे लागले तरी माशाची तक्रार नसते.

कॅडिस इतकी माफ करत नाही. हा नमुना अल ट्रॉथ यांनी १९५७ साली पेनसिल्व्हेनियात बांधला. पुढे ते माँटानात डिलनला गेले. डबिंगच्या अंगावर हॅकल गुंडाळायचं आणि उलट्या दिशेने तार फिरवून ते पक्कं करायचं, इथवर जमतं. अडतं ते पंखाशी. काडेपेटीच्या काडीएवढी जाड जुडी कापा, बुडाची लव विंचरून काढा, स्टॅकरमध्ये टोकं सारखी करा, अंगावर धरा आणि आवळा. आवळताना केस दांड्यावरून पलीकडे घसरतात. बोटांची चिमूट वेढे पूर्ण बसेपर्यंत सोडायची नाही, ही सवय लागायला वेळ जातो. नवशिक्यांच्या पहिल्या कॅडिस बहुधा एका कुशीवर कललेल्या असतात. एकदा जमलं मात्र, की केसांचं काम लागणाऱ्या इतर कितीतरी फ्लाय सोप्या होतात. भुंगेरा हे शिकवत नाही.

पाण्यावर दोघांचे स्वभाव वेगळे. या फोमचा प्रत्येक बुडबुडा बंद असतो, त्यामुळे माशाने चावून चिंध्या केल्या तरी तो तरंगतो. कॅडिसला आधी फ्लोटंट, म्हणजे तरंगत ठेवणारं औषध, आणि मासा लागला की बुळबुळ धुऊन सुकवायची पावडर हवी. उलट, भुंगेरा पाण्यात अर्धा बुडून बसतो, दुरून दिसतच नाही. तो नारिंगी ठिपका शोभेचा नाही, तुमच्या डोळ्यांसाठी आहे. छोटा मण्याचा निंफ, म्हणजे पाण्याखाली बुडणारी फ्लाय, खाली लटकवायचा असेल तर फोम पेलतो, कॅडिस लवकर बुडते.

पेनसिल्व्हेनियाच्या लेटॉर्ट या संथ, नितळ ओढ्यावर भुंगेऱ्याचं महत्त्व फार आधी कळलं होतं. जपानी भुंगेरा १९१६ मध्ये न्यू जर्सीत सापडला आणि मग त्या भागात पसरला. आपल्याकडे वळवाच्या पावसानंतर कडुलिंबावर, बाभळीवर तुटून पडणारे हुमणीचे भुंगेरे याच कुळातले. तिथले गळवाले तेव्हा हरणाचे केस दुमडून भुंगेरा करत, काहींनी तर कॉफीच्या बिया गळाला चिकटवल्या. केसांचा भुंगेरा थोड्याच माशांत पिंजून जाई. फोम आला आणि ते दुखणं गेलं.

तेव्हा जुलै ते सप्टेंबर, भर दुपार, काठावर झुकलेली झाडं आणि गवत असेल तर भुंगेराच. तो ‘टप्’ आवाज करत पडू द्या, मग हलवू नका. मे-जूनची संध्याकाळ, पाण्यावर अंडी घालायला उतरलेले कॅडिस आणि उसळ्या मारणारे ट्राउट असतील तर भुंगेरा पेटीत ठेवा. कोलोरॅडोतल्या आर्कान्सा नदीवर मदर्स डेच्या आगेमागे निघणारे कॅडिस प्रसिद्ध आहेत. तिथे हॅकलवर उभी राहणारी, दोरीला हलका झटका देताच पाण्यावर सरकणारी फ्लायच लागते, आणि फोमची पट्टी ते करत नाही.

हिमाचलातल्या तीर्थन नदीला किंवा काश्मीरला ब्राउन ट्राउटच्या मागे जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी भुंगेऱ्याकडेच वळावं. खळाळत्या पाण्यात फोम टिकतो, आणि शीट कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे मिळते. चांगलं हॅकल बहुतेक वेळा बाहेरून मागवावं लागतं. परवाना मात्र आधी काढा.

भुंगेरा १६ नंबरपेक्षा लहान गळावर बांधायच्या फंदात सुरुवातीला पडू नका (इथे आकडा वाढतो तसा गळ लहान होतो). फोम गळाची फट भरून टाकतो, मासा तोंड लावतो आणि गळ लागत नाही. तेवढी बारीक फ्लाय हवी असेल तर पट्टी अरुंद करून फोमची मुंगी बांधा.