पिल्लासाठी घडीचा तारेचा पिंजरा: काय साधते आणि काय साधत नाही

कुत्र्याचे दोन महिन्यांचे पिल्लू घरी आणायचे ठरले की खरेदीची यादी पाहता पाहता लांबते, आणि त्या यादीतली सर्वांत अवजड, सर्वांत जास्त जागा अडवणारी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत सर्वांत जास्त खुपणारी वस्तू म्हणजे पिंजरा. मुक्या जिवाला कोंडून घालायचे तर आणले कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि पिंजरा चुकीच्या रीतीने वापरला तर त्याला उत्तरही नाही. तरीही पिल्लासाठी घेतलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये ज्या एका वस्तूमुळे आमची घडी बसली ती हीच, असे माझे मत झाले आहे. मात्र ज्या कारणांसाठी तो विकला जातो त्यांतली निम्मी कारणे खरी नाहीत.

आम्ही घेतलेला पिंजरा घडीचा, तारेच्या जाळीचा आणि दोन दारांचा आहे, एक दार समोर आणि एक बाजूला. तळाशी सरकवून बाहेर काढता येणारा प्लास्टिकचा ट्रे आहे, आणि आतली जागा कमी-जास्त करण्यासाठी हवी तिथे अडकवता येणारी एक सुटी जाळी सोबत मिळते. या घडणीचे पिंजरे अनेक कंपन्या जवळजवळ सारखेच बनवतात, त्यामुळे कंपनीपेक्षा घडणीबद्दल लिहिणे अधिक उपयोगाचे वाटते. पिल्लू घरी आल्यापासून त्याचे दुधाचे दात पडून पक्के दात येईपर्यंत तो आमच्याकडे रोज वापरात होता.

या पिंजऱ्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ती सुटी मधली जाळी, आणि नेमकी तीच अनेक स्वस्त पिंजऱ्यांबरोबर मिळत नाही. पिल्लू शक्यतो आपल्या झोपायच्या जागी घाण करत नाही, या एकाच स्वभावावर पिंजऱ्याचा सगळा उपयोग उभा आहे. पण जागा ऐसपैस असली की ते एका कोपऱ्यात झोपते, दुसऱ्या कोपऱ्यात लघवी करते आणि त्यात त्याला काहीच वावगे वाटत नाही. पिल्लाला ताठ उभे राहता येईल, वळता येईल आणि पाय पसरून आडवे होता येईल एवढीच जागा पुरे असते. पिंजरा मोठ्या कुत्र्याच्या मापाचा घ्यावा आणि जाळी मागे सरकवत सरकवत जागा वाढवत न्यावी, हे या रचनेमागचे गणित आहे. गणित बरोबर आहे, पण जाळी धरून ठेवणारे आकडे मात्र नुसते वाकवलेल्या तारेचे असल्यामुळे पिल्लाने खालून नाक खुपसून रेटा दिला की एक-दोन आकडे सुटतात आणि पिल्लू मागच्या रिकाम्या भागात पोहोचते. आम्ही शेवटी प्रत्येक कोपऱ्याला केबल टाय बांधले आणि त्यांची टोके बाहेरच्या बाजूने छाटून टाकली, तेव्हा तो प्रश्न मिटला. ज्या पिल्लांना जन्मापासून अस्वच्छ, कोंदट जागेत राहावे लागले आहे त्यांच्यात झोपायची जागा स्वच्छ ठेवण्याची ओढच मोडलेली असू शकते, आणि अशा पिल्लासाठी पिंजरा कितीही छोटा केला तरी ही युक्ती चालत नाही.

पिंजऱ्यासोबत आलेल्या पत्रकाबद्दल मला तक्रार आहे. पिल्लाचे वय जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवून येणाऱ्या संख्येइतके तास ते लघवी धरू शकते, हा प्रचलित ठोकताळा त्यात असा छापला आहे की जणू ते वेळापत्रकच आहे. वास्तविक ती कमाल मर्यादा आहे, तीही पिल्लू शांत पडलेले असताना. जागे पिल्लू झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, पाणी प्यायल्यावर आणि खेळ अंगात आल्यावर लगेच बाहेर न्यावे लागते, आणि दोन महिन्यांच्या वयात याचा अर्थ जागेपणी साधारण अर्ध्या-पाऊण तासाने एकदा, असा होतो. पत्रकावर विसंबून तीन तास दार लावून बसलात तर पिल्लू पिंजऱ्यातच लघवी करील, आणि एकदा त्याला ओल्या जागेत झोपायची सवय लागली की पिंजऱ्याचा मूळ उपयोगच संपला. हा पिंजरा पिल्लाला स्वच्छतेबद्दल काहीही शिकवत नाही. तुमचे लक्ष नसताना होणारे गोंधळ तो टाळतो आणि तुम्हाला घड्याळ पाळायला लावतो. शिकवण्याचे काम बाहेर, ठरलेल्या जागी, लघवी होताक्षणी केलेल्या कौतुकातून आणि खाऊतून होते.

रात्रीचा प्रश्न याहून कठीण. कालपर्यंत भावंडांच्या अंगावर अंग टाकून झोपणारे पिल्लू एकटे पडले की रडणारच, आणि “रडू द्या, दोन रात्रीत गप्प बसेल” हा सर्रास मिळणारा सल्ला मला पटलेला नाही, कारण ते गप्प बसते ते बहुधा थकून, निर्धास्त होऊन नव्हे. जाळीच्या पिंजऱ्याचा प्लास्टिकच्या बंद पिंजऱ्यापेक्षा मोठा फायदा इथे दिसतो: तो पलंगाला लागून ठेवला की पिल्लाला माणूस दिसतो, वास येतो, आणि झोपेतच हात खाली सोडून बोटे जाळीला लावली तरी त्याला पुरते. तो हळूहळू, रोज थोडा, हव्या त्या जागी सरकवता येतो. तीन बाजूंनी पातळ चादर टाकली आणि हवा खेळती राहील याची काळजी घेतली तर बहुतेक पिल्ले लवकर स्थिरावतात. मध्यरात्री रडण्याचा सूर वाढला तर लघवीची शक्यता धरून उठावे, दिवे मंद ठेवून, पट्टा लावून बाहेर न्यावे, काम झाले की गप्पा-खेळ न करता परत आत ठेवावे. रात्रीची फेरी कंटाळवाणी असली की पिल्लू तिचा खेळ करत नाही.

याच वेळी या पिंजऱ्याचा सर्वांत त्रासदायक दोष लक्षात येतो. तळाचा ट्रे तारांवर नुसता टेकलेला असल्यामुळे पिल्लाने कूस बदलली की तो खडखड वाजतो, त्या आवाजाने पिल्लूच दचकून उठते, उठल्याने ट्रे पुन्हा वाजतो, आणि नुकतीच लागलेली सगळ्यांची झोप मोडते. ट्रेखाली रबराची पातळ चटई कापून घातली की आवाज जवळजवळ बंद होतो. हा इतका साधा उपाय कारखान्यातच का केला जात नाही, याचे मला नवल वाटते.

पिंजऱ्याची ओळख करून देण्याला जे थोडे दिवस द्यावे लागतात ते वाचवायचा मोह होतो, पण तिथेच सगळे बिघडते. जेवणाची वाटी आधी उंबऱ्याशी, मग आत, मग अगदी मागे ठेवावी. दार सुरुवातीला उघडेच असावे, नंतर खाणे चालू असताना क्षणभर लोटावे, आणि खाणे संपण्यापूर्वी उघडावे. खोडी केली म्हणून पिंजऱ्यात टाकायचे, असे घरातल्या एकानेही एकदा जरी केले तरी पिल्लाच्या लेखी ती जागा बदलते. म्हणून हा नियम आधी माणसांना शिकवावा.

पिंजऱ्याचा जो उपयोग जाहिरातीत कुठेच दिसत नाही तो मला सर्वांत मोठा वाटला. लहान पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपते, निदान त्याला तेवढ्या झोपेची गरज असते. पण माणसांच्या वर्दळीत ते स्वतःहून झोपायला जात नाही. मग संध्याकाळच्या सुमारास ते घरभर सैरावैरा धावते, पायजम्याची टोके ओढते, घोट्यांना, बोटांना कडकडून चावते, आणि घरातले सगळे पिल्लू फारच आक्रमक निघाले म्हणून काळजीत पडतात. हे वागणे पुष्कळदा न झालेल्या झोपेचे असते, किरकिऱ्या तान्ह्या बाळाचे असते तसे. तास-दीड तासाच्या जागेपणानंतर पिल्लाला बाहेर फिरवून, चघळायला काही देऊन, अंधारलेल्या पिंजऱ्यात ठेवले की बरेचदा ते काही मिनिटांतच डोळे मिटते, आणि संध्याकाळचा तो धुडगूस दिसण्याइतका कमी होतो.

चावण्याचा दुसरा भाग दातांचा. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, साधारण चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या ठसठसतात आणि पिल्लू समोर दिसेल ते चावते, पिंजऱ्याच्या तारासुद्धा. तारा चावल्याने दातांची झीज होते आणि तुकडा उडण्याचाही धोका असतो, त्यामुळे आत काहीतरी चघळायला असल्याखेरीज दार लावू नये. पोकळ रबरी खेळण्यात भिजवलेले खाद्य भरून ते गोठवून दिले तर ते बराच वेळ पुरते आणि गारव्याने हिरड्यांनाही आराम पडतो. या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध खेळणे, काँग, १९७० च्या दशकात अमेरिकेत जो मार्कहॅम यांना सुचले ते त्यांचा जर्मन शेफर्ड कुत्रा फोक्सवॅगन गाडीचा रबरी सुटा भाग दगडांपेक्षा आवडीने चघळताना पाहून. पिल्लांसाठी त्याचा मऊ रबराचा वेगळा प्रकार मिळतो आणि तोच घ्यावा. चघळण्याची वस्तू नखाने दाबल्यावर थोडी तरी दबली पाहिजे. जी अजिबात दबत नाही ती दात तोडू शकते. शिजवलेली हाडे तर मुळीच देऊ नयेत, त्यांच्या कपच्या घशात वा आतड्यात रुततात.

घडणीतले बाकीचे दोष थोडक्यात. बाजूच्या दाराची कडी सैल आहे आणि धडका मारणाऱ्या पिल्लाला ती सापडायला वेळ लागत नाही. ट्रेच्या कडा नखांनी खरवडल्या जाऊन त्यांना चिरा पडल्या. घडी घालताना बिजागरीत बोटे चिमटतात. हा दोष नाही पण धोका आहे, म्हणून सांगतो: पिंजऱ्यात ठेवताना गळपट्टा आणि त्याला लावलेला बिल्ला काढूनच ठेवावा, कारण तो जाळीत अडकून गळफास बसू शकतो.

आता पिंजऱ्याने काय होत नाही. एकटे राहण्याची भीती तो घालवत नाही. ज्या पिल्लाला ती खरोखर आहे ते आत लाळ गाळते, धापा टाकते, दाराला नखे मारून पंजे रक्ताळून घेते, आणि अशा पिल्लाला पिंजऱ्यातून काढून पशुवैद्याला किंवा वर्तनाच्या जाणकाराला दाखवावे. दुसरे म्हणजे, पिंजरा सोयीचा असल्यामुळे पिल्लू घरातच राहण्याची शक्यता वाढते, आणि हे नुकसान लवकर दिसत नाही. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ जग ओळखीचे करून घेण्याचा असतो. त्या वयात न भेटलेली माणसे, आवाज, वाहने, जमिनी पुढे भीतीच्या होतात. नेमका हाच काळ लसीकरण पूर्ण न झाल्याचा असतो, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते आणि म्हणून डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत किंवा त्यापुढेही द्यावे लागतात. अमेरिकन व्हेटरिनरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेवियर या संस्थेने २००८ साली मांडलेली भूमिका अशी आहे की, पहिल्या लसी टोचून किमान सात दिवस झाले असतील आणि जंताचे पहिले औषध दिलेले असेल, तर पिल्लाला सात-आठ आठवड्यांच्या वयापासून पिल्लांच्या प्रशिक्षण वर्गाला नेता येते. वर्ग नसेल तर कडेवर घेऊन रस्ता दाखवावा, फक्त अनोळखी कुत्र्यांच्या विष्ठेपासून आणि त्यांच्या नेहमीच्या जागांपासून दूर ठेवावे.

पिंजऱ्याबरोबर घेतलेल्या इतर वस्तूंपैकी लघवीचा डाग आणि वास घालवणारा एन्झाइमयुक्त क्लीनर अत्यावश्यक ठरला, पण तो शिंपडून लगेच पुसला तर पाण्यासारखाच. डाग पूर्ण भिजेल इतका ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ तसाच ओला राहू द्यावा लागतो. अमोनिया असलेली फरशी पुसण्याची द्रव्ये टाळावीत, त्यांचा वास लघवीच्या जवळ जातो. लघवीचे पॅड उंच इमारतीत उपयोगी आहेत, तरी पॅडचा मऊ स्पर्श शिकलेले पिल्लू पुढे पायपुसण्यावरही तितक्याच निष्ठेने बसते. वस्तू चावू नयेत म्हणून त्यांवर मारायचा कडू स्प्रे आमच्या पिल्लाने चाटून पुसला.

हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये पिल्लू आणल्यानंतरच्या मालकांच्या मनःस्थितीवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वैताग, चिंता आणि थकवा असे त्रासाचे तीन पदर दिसले. पिंजऱ्याने त्यातल्या थकव्याला बऱ्यापैकी उतार पडतो. पिल्लू सुरक्षित आहे आणि झोपले आहे, एवढ्या खात्रीने अंघोळ करता येणे किंवा गरम जेवण गरम असतानाच जेवता येणे ही त्या दिवसांत लहान गोष्ट नसते.

ज्यांच्या घरी दिवसा कोणीतरी असते आणि दर थोड्या वेळाने दार उघडायला हात मोकळा असतो, त्यांनी हा पिंजरा जरूर घ्यावा, पण मधल्या जाळीशिवाय घेऊ नये. ज्यांना सलग पाच-सहा तास बाहेर राहावे लागते त्यांना तो उपयोगाचा नाही. त्यांनी एका टोकाला अंथरूण आणि दुसऱ्या टोकाला पॅड मावेल असे घडीचे कुंपण घ्यावे आणि मध्ये कोणीतरी येऊन जाईल याची सोय करावी. घेण्यापूर्वी दुकानात पिंजरा उभा करायला सांगून दोन्ही कड्या आतून बोटाने ढकलून पाहाव्यात, ट्रे हलवून त्याचा आवाज ऐकावा, आणि तारांच्या सांध्यांवर हात फिरवून कुठे टोक राहिले आहे का ते तपासावे. आमच्या पिंजऱ्यात असे एक टोक मागच्या कोपऱ्यात होते आणि ते कानशीने घासून काढावे लागले.