ईपीचे नवे आवाज घालावेत, की जुनेच ठेवावेत?

कीबोर्डवरच्या ‘ईपी’ म्हणजे इलेक्ट्रिक पियानो, या एका बटणाखाली तीन वेगळी वाद्यं असतात. तुलनेला बसण्याआधी ती सुटी करून घ्या. पहिलं ऱ्होड्स: रबरी टोकाची हातोडी बारीक पोलादी काडीवर, म्हणजे टाइनवर पडते आणि समोरचा चुंबकीय पिकअप तिची थरथर पकडतो. दुसरं वुर्लिट्झर: यात चपट्या पोलादी जिभा असतात, पेटीतल्या सुरांच्या नात्यातल्या, पण हवेऐवजी हातोडीने वाजणाऱ्या. आवाज जरा नाकातला, जोर लावला की खरखरीत. तिसरा १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ चा: संपूर्ण डिजिटल, काचेसारखा किणकिणता. नव्या संचांत बहुतेक मेहनत पहिल्या दोघांवर घेतलेली असते. तुमच्या कार्यक्रमात १९८०-९० च्या दशकातली हळवी गाणी जास्त असतील आणि हात सारखा तिसऱ्यावरच जात असेल, तर नव्या ऱ्होड्सचा तिथे काही उपयोग नाही.

तुलना करताना कोरस, फेजर, रिव्हर्ब हे इफेक्ट आणि ईक्यू (खर्ज-तार पातळी कमी-जास्त करणारं सेटिंग) दोन्ही आवाजांवरून काढून टाका. जुन्या पॅचवर, म्हणजे तयार आवाजावर, कोरसचा जाड थर दिलेला असतो, मूळ आवाज त्याखाली ऐकूच येत नाही. मग दोघांची पातळी सारखी करा. नवा आवाज दीड-दोन डेसिबलने मोठा असला, तर तेवढ्यानेच तो भरदार वाटतो आणि निकाल तिथेच चुकतो.

आता टच. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. मधला सी घ्या आणि अगदी हलक्या स्पर्शापासून पूर्ण जोरापर्यंत, एकेक पायरी चढत, बारा वेळा वाजवा. जुन्या सॅम्पलमध्ये, म्हणजे खऱ्या वाद्याच्या ध्वनिमुद्रणात, बहुधा दोन-तीनच थर (कमी-जास्त जोराची वेगळी मुद्रणं) असतात, त्यामुळे मध्येच एका ठोक्याला आवाज उडी मारतो: आत्तापर्यंत मऊ, आणि पुढच्याच ठोक्याला एकदम गुरगुरणारा. चांगल्या नव्या आवाजात घंटेसारखा मऊ नाद हळूहळू मागे सरतो आणि गुरगुर त्याच चालीने पुढे येते. कानावर भरवसा नसेल तर लॅपटॉपवरून मिडी, म्हणजे कुठला स्वर किती जोरात वाजवायचा याचे संदेश, पाठवा. एकच स्वर, व्हेलॉसिटी (ठोक्याच्या जोराचा आकडा) २० पासून १२० पर्यंत, दर वेळी १० ने वाढवत. उडी कुठल्या आकड्याच्या आसपास आहे ते कळेल. ती ९० ला असेल आणि तुमचा हात ८५ ते ९५ मध्येच खेळत असेल, तर प्रत्येक ओळीत ती बोचणार.

एक गोष्ट मात्र नव्या आवाजांच्या हातात नाही. स्प्रिंगच्या हलक्या पट्ट्यांच्या ६१ पट्टीच्या कीबोर्डवर जोर चटकन वरच्या आकड्यांत जातो. मग नव्या आवाजात आठ थर असले तरी खालचे पाच कधी वाजतच नाहीत. सेटिंगमध्ये टच कर्व्ह (किती जोराला कुठला आकडा द्यायचा ते ठरवणारं सेटिंग) ‘हेवी’ किंवा ‘हार्ड’ करून हीच चाचणी पुन्हा घ्या. पुष्कळदा एवढ्यानेच जुना आवाजही सुधारतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

लांब सुरासाठी पेडल दाबून एकच स्वर पंधरा सेकंद धरा. जुना आवाज तीन-चार सेकंदांनी एकसुरी होतो किंवा ठरावीक अंतराने थरथरतो. तो लूप असतो, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. नव्यात सूर शेवटपर्यंत जिवंत राहून विरला पाहिजे. मग शेजारच्या पट्ट्या ओळीने वाजवा. दर तिसऱ्या-चौथ्या पट्टीला रंग बदलत असेल, तर एकच सॅम्पल ताणून आजूबाजूच्या पट्ट्यांना दिलेलं आहे. शेवटी तीच पट्टी भरभर वाजवा. खऱ्या ऱ्होड्समध्ये हातोडी आधीच थरथरणाऱ्या टाइनवर पडते, म्हणून दोन ठोके कधी हुबेहूब नसतात. सॅम्पलमध्ये ते ठशासारखे एकसारखे येतात. मॉडेलिंगवरचा, म्हणजे मुद्रणाऐवजी गणिताने तिथल्या तिथे घडवलेला आवाज इथे स्पष्ट पुढे असतो.

हे सगळं हेडफोनमधलं. आता कार्यक्रमाची जागा धरा: पुण्यातलं बालगंधर्व रंगमंदिर असो, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह असो, की डी. पी. रोडवरचं लॉन, साउंडवाला बहुतेक वेळा तुमच्याकडून एकच केबल नेतो, म्हणजे मोनो. ऱ्होड्सचा गाजलेला स्टिरिओ ट्रेमोलो (आवाजाचा हेलकावा) आवाज डावी-उजवीकडे फिरवतो. दोन्ही बाजू एकत्र केल्या की डावीकडे जेवढं घटतं तेवढंच उजवीकडे वाढलेलं असतं, आणि हेलकावा जवळजवळ नाहीसा होतो. घरी ज्यासाठी नवा आवाज आवडला, तेच हॉलमध्ये गायब. बऱ्याच कीबोर्डांत एकटी पिन ‘एल/मोनो’मध्ये घातली की आतच मिश्रण होतं. उजव्या जॅकमध्येही एक पिन घालून ठेवा आणि डावीच बाजू मिक्सरला द्या, हेलकावा परत येतो. किंवा सरळ मोनो ट्रेमोलो निवडा. वुर्लिट्झरचा ट्रेमोलो मुळातच मोनो, त्याला ही अडचण नाही.

नव्या सॅम्पलमधला हातोडीचा खट् आणि पट्टी सुटतानाचा बारीक आवाज ढोलकी-ऑक्टोपॅड सुरू झाल्यावर कोणालाच ऐकू येत नाही. उलट नव्या आवाजाची जाडी अनेकदा २०० ते ४०० हर्ट्झमध्ये जास्त असते, तिथेच तबल्याचा डग्गा आणि बास गिटारच्या वरच्या छटा असतात. ३०० च्या आसपास ३ डेसिबल कमी करा आणि डाव्या हाताची कॉर्ड मधल्या सीच्या खाली दाटीने धरू नका. एवढं करूनही जुना आवाज गर्दीतून जास्त स्वच्छ येत असेल, तर त्या गाण्याला जुनाच ठेवा.

खर्चाचं बोलू. नॉर्ड कंपनीच्या कीबोर्डला पियानो लायब्ररी फुकट मिळते, अडचण जागेची: त्यांच्या इलेक्ट्रो ६ मध्ये पियानोसाठी १ जीबी, स्टेज ३ मध्ये २ जीबी. मोठं सॅम्पल घालायला दुसरं काढावं लागतं, आणि काढलेल्या पियानोवर बांधलेले प्रोग्रॅम मुके होतात. स्वस्त कीबोर्डांत आवाज कायमचे कोरलेले असतात, तिथे लॅपटॉपवरचं मॉडेलिंग सॉफ्टवेअर हाच मार्ग. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (लॅपटॉप आवाज पाठवण्याआधी साठवतो तो तुकडा; इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप) सुमारे ३ मिलिसेकंद उशीर देतो. त्यात ऑडिओ इंटरफेसचा, म्हणजे लॅपटॉपचा आवाज बाहेर देणाऱ्या यंत्राचा उशीर मिळवूनही हाताला जाणवत नाही. ५१२ ला मात्र बोटं आणि सूर यांत फट पडते. पण खरी तक्रार पट्ट्यांची असेल, तर आवाजावर पैसे घालू नका, ते वजनदार पट्ट्यांच्या वाद्यासाठी साठवा.

घालायचं ठरलं, तर आधी सगळे प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर उतरवा आणि तो कॉम्प्युटरला लावून फाइल खरंच आली आहे का ते बघा. सिस्टिम अपडेट असेल तर वळवाच्या संध्याकाळी सुरू करू नका. मध्येच वीज गेली तर कीबोर्ड पुन्हा सुरूच न होण्याची भीती असते, म्हणून इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा. जुना आणि नवा ईपी शेजारशेजारच्या बटणांवर ठेवा. पुढच्या साउंडचेकला दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला बसवून, पूर्ण वाद्यवृंद सुरू असताना शेवटच्या रांगेतून दोन्ही ऐका.