ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली म्हणून कोणी पैसे मागितले, तर आधी दिवस मोजा

"काका, कार्डाला पाच वर्षं झाली ना? मग थांबलाय कशाला? मी नागरिकत्वाची फाइल टाकतो, तुम्ही फक्त सही करा."

कोथरूड, सहकारनगर, औंध, बाणेर, जिथे दर दोन घरांआड एक मूल अमेरिकेत आहे, तिथे हे वाक्य आता चांगलंच ओळखीचं झालं आहे. मुलगी अमेरिकेची नागरिक होते, आईवडिलांचं ग्रीन कार्ड करते आणि आईवडील काही महिने तिकडे, काही महिने पुण्यात असे राहतात. नागरिकत्वाच्या नावाखाली पैसे काढायला सगळ्यात सोपं गिऱ्हाईक तेच.

या फसवणुकीत बनावट व्हिसा नसतो की खोटा शिक्का नसतो. अर्ज खराच जातो, पावतीही खरी येते, म्हणून संशय यायला वर्ष उलटतं. खोटं असतं ते अर्जाच्या आत. एजंटाने पात्रता तपासलेलीच नसते. जी उत्तरं अडचणीची होती ती त्याने सोयीची करून लिहिलेली असतात आणि त्याखाली सही काकांची असते. ही सही शपथेवरची. पुढे जे काही होतं ते सही करणाऱ्याचं होतं, एजंटाचं नाही.

पाच वर्षं हा नियमाचा एक तुकडा झाला. नागरिकत्वाच्या एन-४०० या अर्जासाठी तीन वेगळे हिशेब जुळावे लागतात आणि एजंट त्यातला पहिलाच सांगतो.

पहिला हिशेब कार्डाच्या वयाचा. मोजणी कार्डावर 'रेसिडेंट सिन्स' म्हणून छापलेल्या तारखेपासून सुरू होते. मुलीने अर्ज भरला ती तारीख किंवा पासपोर्टावर इमिग्रंट व्हिसा चिकटला ती तारीख इथे कामाची नाही. त्याआधी दहा वर्षांच्या टुरिस्ट व्हिसावर नातवाला सांभाळायला काढलेले महिनेही धरले जात नाहीत, कोणी काहीही सांगो. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी अर्ज करता येतो. म्हणजे १ मार्च २०२१ चं कार्ड असेल तर १ डिसेंबर २०२५ पासून. त्याच्या एक दिवस आधी टाकलेला अर्जसुद्धा नाकारला जातो.

दुसरा हिशेब प्रत्यक्ष हजेरीचा. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत किमान ३० महिने, म्हणजे ९१३ दिवस, अमेरिकेच्या भूमीवर असावे लागतात.

तिसरा हिशेब सलग वास्तव्याचा. पुण्याची माणसं सापडतात ती इथे. एका खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात. ते तुटलं नव्हतं हे अर्जदाराने कागदांनी पटवायचं: तिकडचं घर, तिकडे राहणारं कुटुंब, चालू नोकरी, भरलेला कर. सलग एक वर्ष किंवा जास्त बाहेर राहिलं तर मात्र पटवायची सोय नाही, ते तुटतंच. मग परतल्यापासून चार वर्षं आणि एक दिवस थांबून अर्ज करता येतो. पण अर्जाआधीच्या पाच वर्षांच्या खिडकीत आधीची लांब गैरहजेरी अजून डोकावत असते, म्हणून चार वर्षं सहा महिने आणि एक दिवस थांबणं जास्त सुरक्षित.

आता आपल्याकडचा नेहमीचा बेत बघा. गणपतीला यायचं, दिवाळी करायची, लग्नसराई उरकायची आणि पाडवा झाला की परत जायचं. १२ सप्टेंबरला निघून १२ एप्रिलला पोहोचलं तर सात महिने होतात. दरवर्षी असंच केलं तर प्रत्येक खेपेला वास्तव्य तुटल्याचा शेरा आणि पाच वर्षांची हजेरी जेमतेम पंचवीस महिने. दोन्हीकडून नापास. संक्रांतीचा तिळगूळ खाऊन लगेच निघणाऱ्यांचे चार महिने बाहेर आणि आठ महिने तिकडे होतात. पाच वर्षांत चाळीस महिने भरतात, त्यांना अडचण नाही. फरक सणांच्या एका हंगामाचा आहे, आणि तो ओळखायला एजंट लागत नाही, वही लागते.

वही अशी करायची. जुना आणि नवा, दोन्ही पासपोर्ट काढा. अमेरिकेच्या आय-९४ संकेतस्थळावर स्वतःच्या ये-जेची नोंद फुकट दिसते, ती छापून घ्या. विमानाच्या तिकिटांचे जुने ईमेल शोधा. प्रत्येक फेरीसाठी अमेरिका सोडल्याची आणि अमेरिकेत परत पाय ठेवल्याची तारीख लिहा. हे दोन्ही दिवस अमेरिकेतले धरले जातात. १० नोव्हेंबर २०२३ ला निघून २४ एप्रिल २०२४ ला परत पोहोचलं तर गैरहजेरी १६५ दिवसांची. इथे एक चूक हमखास होते. मुंबई विमानतळाचा शिक्का दुसऱ्या दिवशीचा असतो आणि लोक तीच सुटण्याची तारीख लिहितात. एखाद्या दिवसाने आभाळ कोसळत नाही, पण तिकडच्या नोंदीशी तारखा जुळल्या नाहीत की अधिकारी बाकीच्याही तपासू लागतो. अर्जात २४ तास किंवा त्याहून मोठा प्रत्येक परदेश प्रवास लिहायचा असतो. कॅनडात नायगारा बघायला गेलेले दोन दिवससुद्धा.

वही समोर ठेवली की एजंटाची ठरलेली उत्तरं बाहेर पडतात.

"रीएंट्री परमिट काढू, मग दिवस मोजत नाहीत." परमिटमुळे दोन वर्षांपर्यंत बाहेर राहूनही कार्डावर परत शिरता येतं, एवढंच. नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य त्याने वाचत नाही आणि हजेरीचे दिवस तर मुळीच वाढत नाहीत. शिवाय त्याचा अर्ज करताना माणूस अमेरिकेत हजर असावा लागतो. पुण्यात बसून "परमिट काढून देतो" म्हणणारा तिथेच खोटा ठरतो.

"दोन ट्रिपा गाळून टाकू, कोण बघतंय?" तेच बघतात. ये-जेची नोंद त्यांच्याच संगणकात आहे. मुलाखतीत शपथेवर खोटं बोलल्याचं आढळलं तर सचोटीच्या अटीवर अर्ज फेटाळला जातो आणि तो डाग पुढच्या अर्जालाही नडतो. नागरिकत्व मिळाल्यावर उघडकीला आलं तरी ते काढून घेण्याचा खटला भरता येतो, त्याला मुदतीचं बंधन नाही.

"मुलाखत मुंबईतच होईल, आपली ओळख आहे." बीकेसीतल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात एन-४०० ची मुलाखत होत नाही. बोटांचे ठसे, मुलाखत आणि शपथ, तिन्ही अमेरिकेत. ज्या राज्यात अर्ज करायचा तिथे आधीचे तीन महिने राहिलेलं असावं लागतं. न्यू जर्सीतला मुलगा आणि टेक्ससमधली मुलगी यांच्यात वर्ष वाटून घेणाऱ्यांनी हे विशेष बघावं.

"इंग्रजीची काळजी नको, आपले डॉक्टर सर्टिफिकेट देतात." हे सगळ्यात महागात पडतं. वय आणि कार्डाची वर्षं मिळून इंग्रजीतून सूट मिळते ती अशी: वय ५० आणि कार्डाची २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं. सत्तरीच्या काकूंच्या कार्डाला पाचच वर्षं झाली असतील तर त्यांना वयामुळे सूट नाही. वैद्यकीय सूट एन-६४८ या फॉर्मवर मिळते आणि तो फॉर्म अमेरिकेत परवाना असलेल्या डॉक्टरने किंवा क्लिनिकल मानसतज्ज्ञानेच भरावा लागतो. पुण्यातला डॉक्टर कितीही मोठा असो, त्याचं प्रमाणपत्र या फॉर्मच्या जागी चालत नाही. 'वय झालं, विसरायला होतं' एवढं कारणही पुरत नाही. आजार कोणता आणि त्याने शिकणं का जमत नाही, हे नेमकं लिहावं लागतं. वर नागरिकशास्त्राची परीक्षा आहेच. २० ऑक्टोबर २०२५ पासून आलेल्या अर्जांना १२८ प्रश्नांच्या यादीतले २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. एजंट अजून जुन्या १०० प्रश्नांचं पुस्तक विकत असेल तर तो किती ताजा आहे ते समजून घ्या.

पोलीस केसच्या बाबतीत 'मिटली ना, मग लिहू नका' हा सल्ला सर्रास दिला जातो. अर्जातला प्रश्न जगात कुठेही झालेल्या अटकेबद्दल आणि आरोपाबद्दल आहे. तिकडे दारू पिऊन गाडी चालवल्याची केस असो किंवा इकडे शिवाजीनगर न्यायालयात सुनेने दाखल केलेली ४९८अ ची, म्हणजे सासरच्या छळाची (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५), निर्दोष सुटका झाली तरी लिहायची आणि निकालाची प्रमाणित प्रत जोडायची. मिटलेली केस बहुतेक वेळा नडत नाही, लपवलेली नडते.

कराबद्दल तर एजंट विचारतच नाही. ग्रीन कार्डवाला अमेरिकेच्या दृष्टीने रहिवासी असतो. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि सहकारी बँकेतल्या ठेवींचं व्याजही तिकडच्या विवरणपत्रात दाखवायचं असतं. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, वेगळा भरायचा. कर वाचवायला कोणी अनिवासी म्हणून १०४०-एनआर हा कराचा फॉर्म भरला असेल, तर 'मी इथला रहिवासी नाही' असं लिहून दिल्यासारखंच ते झालं. अशा माणसाने एन-४०० टाकलं तर नागरिकत्व बाजूला राहतं आणि हातातल्या कार्डावरच प्रश्न येतो. काहींना थेट इमिग्रेशन न्यायालयाची नोटीस येते.

अमेरिकी नागरिकाशी लग्न झालं असेल तर पाचऐवजी तीन वर्षांचा नियम आहे, पण लग्न करून गेलेल्या मुलींना तो अर्धाच सांगतात. तीन वर्षं लग्नाच्या तारखेपासून नाही, कार्डापासून मोजायची. नवराही तेवढा सगळा काळ अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. तो गेल्या वर्षी झाला असेल तर मुलीने अजून दोन वर्षं थांबायचं, नाहीतर पाच वर्षांच्या नियमाने जायचं. दोघं एकत्र राहत असल्याचे पुरावे लागतात आणि हजेरी १८ महिन्यांची.

आता पैशाचं. सरकारी फी कागदावर ७६० डॉलर, ऑनलाइन ७१०. उत्पन्न कमी असेल तर ३८०. ठशांचे वेगळे ८५ डॉलर १ एप्रिल २०२४ पासून एन-४०० ला लागत नाहीत, त्यामुळे पावतीवर 'बायोमेट्रिक' म्हणून रक्कम दिसली की ती एजंटाच्या खिशात गेली असं समजा. ही फी यूपीआयने कोणाच्या वैयक्तिक खात्यात भरायची नसते. अर्ज नाकारला तर परतही मिळत नाही.

पण पैशापेक्षा दोन गोष्टींकडे आधी बघा. फॉर्म दुसऱ्याने भरला तर भरणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सही यांसाठी वेगळा भाग असतो. मराठीत समजावून सांगणाऱ्या दुभाष्यासाठीही असतो. फसवणारा दोन्ही कोरे ठेवतो, म्हणजे कागदावर तो कुठेच नाही. दुसरी गोष्ट, ऑनलाइन खातं तो स्वतःच्या ईमेलवर उघडतो. अर्जात काय लिहिलंय ते काकांना दिसतच नाही, मुलाखतीची तारीखही त्याच्याकडून कळते आणि प्रत्येक तारखेला नवा हप्ता. "पासवर्ड कंपनीचा आहे" हे ऐकलं की उठून यायचं. पावतीचा क्रमांक तीन अक्षरं आणि दहा आकड्यांचा असतो, तो सरकारी संकेतस्थळावर स्वतः टाकून बघता येतो.

या अर्जात दुसऱ्याची बाजू मांडायचा हक्क तिथल्या कुठल्याही राज्याची सनद असलेल्या वकिलाला आहे, किंवा तिथल्या न्याय खात्याने मान्यता दिलेल्या संस्थेच्या प्रतिनिधीला. दोघांनाही जी-२८ हा फॉर्म भरून स्वतःचं नाव पुढे करावं लागतं. भारतातली सनद इथे उपयोगाची नाही. "जी-२८ कधी भरणार?" एवढाच प्रश्न विचारून बघा. बरेच जण तिथेच चहा मागवतात.

काही जण याच्यापुढची गोळी देतात: दोन्ही पासपोर्ट ठेवा, काही होत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं हा गुन्हा आहे. पासपोर्ट जमा करून त्याचा दाखला घ्यायचा आणि मग ओसीआयचा, म्हणजे परदेशस्थ भारतीय कार्डाचा, अर्ज. ओसीआयवाल्याला मतदान करता येत नाही, मुळशी-मावळात शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित वारसाने येऊ शकते. शपथ घेण्याआधी हे घरात बोलून झालेलं बरं.

अर्ज आधीच गेला असेल तर पहिलं काम म्हणजे त्याची पूर्ण प्रत मिळवणं. एजंट देत नसेल तर आपली फाइल यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून माहितीच्या अर्जाने मागवता येते, त्याला फी नाही. चूक सापडली तर अमेरिकी वकिलाला दाखवून ठरवायचं: निर्णयाआधी लेखी अर्ज मागे घ्यायचा, की मुलाखतीच्या सुरुवातीलाच, अधिकाऱ्याने बोट ठेवायच्या आत, दुरुस्ती सांगायची. अर्ज नाकारला गेला असेल तर एन-३३६ ने फेरसुनावणी मागायला ३० दिवस असतात.

पुण्यातल्या एजंटाविरुद्ध पोलिसांत फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली होते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. पैसे परत मिळवायला जिल्हा ग्राहक आयोग आहे: दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. त्यासाठी हवेत बँकेचे उतारे, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि 'गॅरंटी' लिहिलेली जाहिरात. ती जाहिरात सहसा पहिली गायब होते, म्हणून तिचा फोटो आजच काढून ठेवा.