साधी गाठ, अवघड जागा: एका न्यूरोसर्जरी विभागाचा दीड वर्षाचा अनुभव

माझ्या थोरल्या बहिणीच्या मेंदूच्या आवरणावरील गाठीची शस्त्रक्रिया ज्या रुग्णालयाच्या न्यूरोसर्जरी विभागात झाली, त्या विभागाविषयी हे लिहीत आहे. रुग्णालयाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या एकाच रुग्णाच्या अनुभवावर उभ्या आहेत. शस्त्रक्रियेला दीड वर्ष होऊन गेले असल्यामुळे तेव्हाची कृतज्ञता आणि तेव्हाची चिडचिड, दोन्ही आता बऱ्यापैकी निवळल्या आहेत.

ताईच्या डाव्या पायातली चप्पल चालताना निसटायची आणि ती निसटल्याचे तिला चार पावले पुढे गेल्यावर कळायचे. वयाची पन्नाशी उलटलेली, त्यात मधुमेह, म्हणून पाच महिने सगळ्यांनी कंबरेतली नस दबल्याचा निष्कर्ष काढला. कंबरेचा एमआरआय झाला, त्यात त्या वयात कुणाच्याही मणक्यात दिसेल तेवढी झीज दिसली, आणि व्यायाम व गोळ्या सुरू झाल्या. एके सकाळी तोच पाय आपोआप झटके देऊ लागला, दोन मिनिटे थांबेना, तेव्हा मेंदूचा एमआरआय झाला आणि आम्ही या विभागाच्या ओपीडीत पोहोचलो.

तिथली पहिली गोष्ट मनात राहिली आहे. फिल्म हातात असूनही निवासी डॉक्टरांनी ती आधी पाहिली नाही. त्यांनी ताईला झोपवले, खिशातली किल्ली काढली आणि तिच्या टोकाने डाव्या तळपायाच्या कडेवरून टाचेपासून बोटांकडे एक रेघ ओढली. अंगठा वर उचलला गेला. उजव्या पायावर तेच केले तर अंगठा खाली वळला. मोठ्या माणसाचा अंगठा असा वर जातो तेव्हा बिघाड कंबरेतल्या नसेत नसून मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी असतो, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. ही तपासणी करायला अर्धा मिनिट लागला. आधीच्या पाच महिन्यांत ती कुणीही केली नव्हती. अर्थात हा दोष या विभागाचा नव्हे.

एमआरआयचा अहवाल असा होता: उजव्या बाजूला, कवटीच्या मध्यरेषेला चिकटून, ४.२ सेंटिमीटरची गाठ. रंगद्रव्य दिल्यावर एकसारखी उजळणारी, आवरणावर शेपटीसारखी निमुळती होत गेलेली, भोवती सूज. मेनिन्जिओमा असण्याची दाट शक्यता. ज्येष्ठ शल्यचिकित्सकांनी आम्हाला, म्हणजे ताई, भावोजी आणि मला, सुमारे पाऊण तास दिला. मी या विभागाला सर्वाधिक गुण देईन ते या पाऊण तासासाठी. त्यांनी आमच्याच फाइलीच्या प्लास्टिकच्या कव्हरखाली बोट सरकवले आणि विचारले, "कागद फाटला का? नाही. पण दबला की नाही?" मेनिन्जिओमा मेंदूच्या पेशींपासून होत नाही, मेंदूभोवती जी तीन आवरणे असतात, त्यांतल्या मधल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या आवरणाच्या पेशींपासून तो होतो, बाहेरच्या जाड आवरणाला चिकटून वाढतो आणि मेंदूला बाहेरून दाबतो. पायाची हालचाल सांभाळणारा मेंदूचा भाग नेमका दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या फटीत उतरलेला असल्यामुळे तिथे दाब पडला की तक्रार डोक्यात न होता विरुद्ध बाजूच्या पायात होते.

भावोजींनी सगळे विचारतात तोच प्रश्न विचारला: "डॉक्टर, गाठ साधी आहे ना?" आपल्याकडे गाठ एकतर साधी असते नाहीतर कॅन्सरची, आणि साधी म्हटली की घरचे निम्मे निर्धास्त होतात. डॉक्टरांनी हा शब्द दोनदा अडवला. एक तर गाठीच्या तुकड्याची तपासणी झाल्याशिवाय तो वापरणार नाही, असे ते म्हणाले. मेनिन्जिओमांपैकी बहुतांश, साधारण ८० टक्के, पहिल्या म्हणजे सर्वांत सौम्य श्रेणीचे असतात, पण बाकीचे नसतात. दुसरे असे की साधेपणा हा पेशींच्या स्वभावाचा असतो, जागेचा नसतो. ताईची गाठ कवटीखालून पुढून मागे जाणाऱ्या रक्ताच्या मोठ्या मध्यवर्ती वाहिनीला टेकलेली होती. ही वाहिनी पुढच्या एक तृतीयांश भागात बंद करावी लागली तरी बहुधा निभावते. त्यामागे ती बंद झाली तर मेंदूतले रक्त परतण्याची वाट तुंबते आणि मोठी इजा होऊ शकते. म्हणून गाठीचा काही भाग वाहिनीच्या भिंतीत रुतलेला आढळला तर तो तसाच ठेवणार, हे त्यांनी शस्त्रक्रियेआधीच सांगितले आणि संमतीपत्रावर हाताने लिहिलेही. डोनाल्ड सिम्पसन या न्यूरोसर्जननी १९५७ साली, गाठ किती पूर्ण निघाली त्यानुसार, अशा शस्त्रक्रियांच्या पाच पायऱ्या मांडल्या होत्या. गाठ, तिचे मूळ असलेले आवरण आणि बाधित हाड हे सगळे काढले तर पहिली, गाठीचा काही भाग मागे राहिला तर चौथी. "मी पहिल्या पायरीच्या हट्टाने पाय गमावणार नाही," हे त्यांचे वाक्य भावोजी अजूनही उद्धृत करतात.

(हार्वे कुशिंग या अमेरिकी न्यूरोसर्जननी १९२२ साली या गाठींना मेनिन्जिओमा हे नाव दिले, ते पेशींच्या उगमाविषयीच्या वादात न शिरता, केवळ आवरणावरची गाठ इतकेच सांगणारे. शंभर वर्षांपूर्वीचा तो सावधपणा मला डॉक्टरांच्या बोलण्यात दिसला.)

शस्त्रक्रिया सहा तास चालली. दर दोन तासांनी एक सिस्टर बाहेर येऊन कुठवर आले ते सांगत होत्या: हाड उघडले, गाठ आतून पोकळ करत आणली, आता वाहिनीजवळचा भाग चालू आहे. वेटिंग रूममध्ये बसलेल्या माणसाला याची किंमत काय असते, हे तिथे बसल्याशिवाय कळणार नाही. ज्याची भीती होती तसेच झाले. वाहिनीच्या भिंतीवर काही मिलिमीटर जाडीचा पापुद्रा ठेवावा लागला. शुद्धीवर आल्यावर ताईचा डावा पाय आधीपेक्षाही लुळा होता. पहिला आठवडा असा जाऊ शकतो हे आधी सांगितलेले असल्यामुळे आम्ही घाबरलो, पण कोसळलो नाही. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट पलंगाशी हजर होत्या आणि सहा आठवड्यांनी ताई काठीशिवाय चालू लागली. केस पूर्ण न काढता फक्त चिरेच्या रेषेपुरते काढले होते. हे क्षुल्लक वाटेल, पण आरशासमोर उभी राहिलेली ताई सर्वांत आधी त्याविषयीच बोलली.

आता तक्रारी. ज्या विभागाने शस्त्रक्रियेआधी इतके नेमके समजावले, त्याच विभागाचे डिस्चार्ज कार्ड हे घाईचे उत्तम उदाहरण होते. मेंदूची सूज उतरवण्यासाठी ताईला डेक्सामेथासोन चालू होते. हे औषध अनेक दिवस घेतल्यावर एकदम बंद करायचे नसते, कारण तोवर शरीराने स्वतःचे तशाच कामाचे संप्रेरक बनवणे कमी केलेले असते. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवायची असते. छापील कार्डावर "५ दिवसांनंतर बंद" असे होते, तर औषधांच्या पाकिटावर हाताने उतरती मात्रा लिहिलेली होती. कुणाचे खरे मानायचे, हे विचारायला वॉर्डात परत गेलो तेव्हा कार्ड लिहिणाऱ्या डॉक्टरांची पाळी संपली होती. शिवाय या औषधाने रक्तातली साखर चढते हे सर्वश्रुत असताना, मधुमेही रुग्णाच्या कार्डावर घरी साखर किती वेळा तपासावी याची एक ओळही नव्हती. तिसऱ्या दिवशी ताईची साखर ३२० भरली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ती सावरली, म्हणून हे वाक्य इतक्या शांतपणे लिहिता येते आहे. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या लेव्हेटिरासिटामने काही रुग्णांना चिडचिड होते, हेही कुणी सांगितले नव्हते. ताई तीन आठवडे भावोजींवर डाफरत होती आणि भावोजी ते शस्त्रक्रियेचे परिणाम समजून गप्प होते.

दुसरी तक्रार गाठीच्या अंतिम अहवालाची. तो नऊ दिवसांनी काउंटरवर मिळाला, बंद पाकिटात, सही घेऊन, एखाद्या कुरिअरसारखा. त्यात "श्रेणी १" होते आणि शेजारी पेशींच्या वाढीचा वेग दाखवणारा आकडा ३ टक्के होता, पण तो आकडा चांगला की वाईट हे सांगणारे तिथे कुणी नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या वर्गीकरणानुसार सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसणारी गाठही काही जनुकीय बदल सापडल्यास थेट तिसऱ्या श्रेणीत जाते, हे मी वाचलेले होते आणि त्या एका वाचनाने मी चार रात्री झोपले नाही. पुढच्या ओपीडीत विचारले तेव्हा उत्तर दोन मिनिटांत मिळाले: अहवालात संशयास्पद काहीच नसल्यामुळे त्या तपासण्यांची गरज नव्हती. हीच दोन मिनिटे नवव्या दिवशी द्यायला हवी होती.

मागे राहिलेल्या पापुद्र्यासाठी आम्हाला शेजारच्या रेडिओसर्जरी विभागात पाठवले, आणि तिथला सल्ला मला अनपेक्षितपणे आवडला, कारण तो काहीही न करण्याचा होता. गॅमा नाइफ हे उपकरण, स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी साठच्या दशकात घडवलेले, नावात सुरी असूनही काहीच कापत नाही. कोबाल्टच्या सुमारे दोनशे स्रोतांतून निघणारी बारीक किरणे एका बिंदूवर एकवटतात आणि वाटेतल्या मेंदूला प्रत्येक किरणाचा थोडाच भाग लागतो. लहान उरलेल्या गाठीसाठी हा उत्तम पर्याय आहे. परंतु मध्यरेषेला चिकटलेल्या मेनिन्जिओमांमध्ये या उपचारानंतर भोवती सूज येण्याचे प्रमाण इतर जागांपेक्षा अधिक असते, आणि ताईचा पाय नुकता कुठे सावरत होता. गाठ पहिल्या श्रेणीची, उरलेला भाग लहान. तेव्हा तो वाढताना दिसला तरच किरणे द्यायची, असे ठरले. ज्यांच्या दारात यंत्र उभे आहे त्यांनीच थांबायला सांगावे, याला मी सेवेतला मोठा गुण मानते.

पुढची देखरेख एमआरआयवर चालते: पहिला तीन महिन्यांनी, दुसरा त्यानंतर वर्षाने. इथे एक गोष्ट अशा रुग्णांच्या घरच्यांनी जरूर लक्षात ठेवावी. या गाठी फार हळू वाढतात, त्यामुळे प्रत्येक तपासणीची तुलना केवळ तिच्या लगेच आधीच्या तपासणीशी केली तर फरक नगण्य दिसत राहतो आणि एकूण वाढ नजरेतून सुटू शकते. दुसऱ्या एमआरआयच्या अहवालात आधीच्या फिल्मशी तुलनेचा उल्लेखच नव्हता, नुसते "लहान अवशिष्ट भाग" एवढेच लिहिले होते. आम्ही तीन महिन्यांच्या वेळची सीडी सोबत नेली होती. ती काउंटरवर देऊन दोन्ही समोर ठेवून मोजमाप करण्याची विनंती केली. कुरकुर झाली, दोन दिवस लागले, पण सुधारित अहवाल आला. त्यात दोन्ही वेळची मापे शेजारी शेजारी छापलेली आहेत, दोन्ही ६ मिलिमीटर, आणि ती सीडी आता फाइलीच्या त्याच प्लास्टिकच्या कव्हरात पुढच्या वर्षासाठी ठेवलेली आहे.